जागा आहे, पानं संपली

विहिरीत उतरलेल्या चोरटीचा दोर तुटला आहे. मशाल विझली आहे आणि कमरेइतक्या पाण्यात काहीतरी हललं आहे. इकडे वाकडमध्ये शनिवारी रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. टू-बीएचकेच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण बसले आहेत. टेबलावर आलेखवही, खोडरबराचा कचरा, बाकरवडीचं फाडलेलं पाकीट आणि मधोमध एक स्टीलची ताटली. फासे ताटलीतच टाकायचे. टेबलाच्या काचेवर ओरखडे नकोत म्हणून डीएमच्या बायकोनं घातलेला हा नियम, आणि या घरात तो पुस्तकातल्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो.

चोरटी एरवी बँकांसाठीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी टेस्टर आहे. ती म्हणते, ‘‘मी सुटायचा प्रयत्न करते.’’

पुठ्ठ्याच्या पडद्याआडून प्रश्न येतो, ‘‘प्रयत्न म्हणजे? नेमकं काय करतेस?’’

‘‘भिंतीला हात लावत लावत फिरते. कुठला दगड सुटा आहे का बघते. उजव्या हातात सुरी.’’

‘‘हं. आता टाक.’’

वीस बाजूंचा फासा ताटलीच्या काठावर आपटतो, उडतो आणि थेट दिवाणाखाली जातो. कोणी वाकून बघणार एवढ्यात डीएमचा फोन वाजतो. नेहमीची रिंग नव्हे, भोंगा. त्या आवाजाचा अर्थ टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत आहे. पी-वन. म्हणजे कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा धंदा यंत्रापायी थांबलाय आणि पंधरा मिनिटांत माणूस कॉलवर हजर पाहिजे. ‘‘पडद्यापलीकडे कोणी डोकावायचं नाही,’’ एवढं बजावून डीएम लॅपटॉप काखोटीला मारतो आणि बाल्कनीचं दार ओढून घेतो.

हा गृहस्थ मूळचा कुडाळचा. हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टमध्ये त्याला चौदा वर्षं झाली. आयटीतलं हे बिनझगमगाटाचं खातं. इथे नवं काही बांधायचं नसतं, दुसऱ्यांनी बांधून ठेवलेलं चालतं ठेवायचं असतं, आणि बांधणारे बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीत निघून गेलेले असतात. सगळं सुरळीत असताना या खात्याची कोणाला आठवण होत नाही. गावातल्या वायरमनची तरी कधी होते?

टेबलावरचं पद मात्र भारदस्त. डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या त्याच्या मावसभावानं फोनवर ‘दादा डीएम झालाय’ हे वाक्य ऐकलं आणि ते घरात जसंच्या तसं पोचवलं. दोन दिवस कुडाळच्या घरात पोरगा कलेक्टर झाल्याचा आनंद होता. खरा प्रकार कळल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, ‘‘मगे पैसे गावतत काय?’’

पैसे गावत नाहीत. बाकरवडी गावते.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, जन्म १९७४चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी बूट दुरुस्त करून संसार चालवत होता. त्यानं आणि शेजारच्या मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसननं मिळून तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. पहिली छपाई १००० प्रतींची. लढायांचे खेळ त्याआधीही होते. १८२४पासून प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचा सराव करत आणि मधे एक पंच बसे. लेक जिनिव्हातल्या खोक्यात फरक एवढाच होता की, खेळाडूच्या हाती अख्ख्या पलटणीऐवजी एक माणूस आला, आणि पंच गोष्ट सांगायला लागला. खेळाडूनं आपण काय करतो ते तोंडी सांगायचं, पंचानं ते किती अवघड ते ठरवायचं, मग फासा. आकडा गाठला तर जमलं. नाही गाठला तरी गोष्ट पुढे जातेच, फक्त दुसरीकडे.

कुडाळच्या माणसाला यात परकं काही वाटलं नाही, कारण त्यानं दशावतार पाहिले होते. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या या नाटकांना लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, कथेचे टप्पे सगळ्यांना सांगितले जातात, आणि त्यापुढचे संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतील तसे. समोरच्यानं अनपेक्षित टोला हाणला तर त्याच सुरात परतवायचा. पेटीवाला आणि मृदंगवाला सांभाळून घेतात. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो, काळ्या कपड्यांतला, वेद चोरून नेणारा, आणि त्याच्या थट्टेला गावचा सरपंचही अपवाद नसतो. वाकडच्या टेबलावर गेले आठ महिने चाललेल्या मोहिमेतला मुख्य खलपुरुष संकासुरच आहे. पुस्तकात त्याच्या जागी कोणीतरी लांबलचक नावाचा लिच, म्हणजे मेलेला जादूगार, होता. डीएमनं त्याला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं.

डीएमच्या व्हिडिओ गेमच्या नादाची सुरुवात मात्र एका खोट्या निदानानं झाली. नव्वदीच्या दशकात गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टीव्हीला जोडायचा गेम मिळायचा, आणि त्याबरोबर पिवळी कॅसेट, जिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. गेम खरे पाच-सहाच. उरलेल्या हजारो नावांमागे तेच गेम दुसऱ्या लेव्हलपासून सुरू व्हायचे. कॅसेट घातली की कधी मारिओ यायचा, कधी नुसत्या मुंग्या. मग कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, परत घालायची. आणि चालायची! अख्ख्या पिढीनं त्यावरून ठरवून टाकलं की आत धूळ बसते आणि फुंकरीनं ती उडते.

चालायची ती फुंकरीमुळे नव्हे. काढून पुन्हा घातल्यामुळे धातूच्या पट्ट्यांची जोडणी नीट बसायची, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्यानं त्या पट्ट्या हळूहळू गंजायच्या. म्हणजे ज्याला औषध समजत होतो, तो रोगाचा खुराक होता. हे त्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं आणि आजही तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर सुरू झाला, म्हणजे तुला कारण सापडलं असं नाही. तू कॅसेट काढून घातलीस.

या कामातला निम्मा वेळ यंत्राशी बोलण्यात जात नाही, माणसांशी जातो. आणि माणसांचं पहिलं वाक्य जगभर एकच असतं, ‘चालत नाहीये’. काय चालत नाहीये? कधीपासून? त्याआधी काय केलंत? शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर, ‘काहीच नाही केलं’. सपोर्टवाल्याचं खरं कौशल्य इथे लागतं. पोलिसी आवाज लावला तर समोरचा मिटतो, फार गोड बोललं तर तो आपल्या मुलाच्या लग्नापर्यंत जातो.

१९ जुलै २०२४च्या शुक्रवारी हे सगळं पणाला लागलं. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट सकाळी जगभर पोचलं आणि विंडोजवरची सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यांचे फोटो त्या दिवशी सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर होते. सदोष अपडेट तास-दीड तासात मागे घेतलं गेलं, पण निळी पडलेली यंत्रं दुरून दुरुस्त होईनात, कारण ती इंटरनेटपर्यंत पोचण्याआधीच कोसळत होती. प्रत्येक यंत्रापाशी माणूस उभा करायचा, सेफ मोडमध्ये सुरू करायचं, एका फोल्डरमधली ‘सी’ आणि २९१ अशा नावाची एक फाईल उडवायची, पुन्हा सुरू करायचं. एका ओळीचं काम.

आमचा माणूस तेव्हा चाकणच्या एका कारखान्याच्या खात्यावर होता. गोदामातल्या स्टोअरकीपर काकांचा फोन आला.

‘‘साहेब, स्क्रीन निळा झालाय अन् वर एक तोंड वाकडं केलेलं हाय.’’

ते तोंड म्हणजे विंडोजच्या तेव्हाच्या निळ्या पडद्यावरचा तो दोन ठिपके आणि एका कंसाचा रडका चेहरा. इतकं अचूक वर्णन त्या दिवशी कुठल्याच मॅनेजरनं केलं नाही.

अडचण पुढे होती. डिस्कला कुलूप. उघडायला ४८ आकडी किल्ली लागते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती सर्व्हरवर जपून ठेवलेली असते, म्हणजे इकडे हिंजवडीत दिसते. टाईप करायची तिकडे चाकणला. सुरुवातीला त्यानं जोडीनं आकडे सांगितले. एकोणसाठ म्हटलं, काकांनी एकोणसत्तर दाबलं. त्रेपन्नचं त्रेसष्ट झालं. मराठी अंकमोजणी कितीही देखणी असली तरी फोनवर किल्ली सांगायला ती कामाची नाही, हे मान्य करून दोघं एकेका आकड्यावर आले. ‘‘पाच.’’ ‘‘पाच झाला.’’ ‘‘शून्य.’’ ‘‘शून्य म्हंजे पूज्य ना?’’ ‘‘हो काका, पूज्य.’’

या किल्लीत एक सुंदर युक्ती दडलेली आहे. सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला अकरानं पूर्ण भाग जातो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर भाग जात नाही, म्हणजे कुठला गट फसला ते तिथल्या तिथे कळतं. शाळेतली अकराची कसोटी, एकाआड एक अंकांच्या बेरजांची वजाबाकी, कशाला उपयोगी पडते असं जो विचारतो त्याला चाकणच्या गोदामात न्यायला हवं. काकांनी वाचून दाखवलेला तिसरा गट त्यानं कॅल्क्युलेटरवर मारून पाहिला, चूक पकडली, आणि काका म्हणाले, ‘‘तिथं बसून तुमाला कसं दिसलं?’’ संध्याकाळी सातपर्यंत त्या दोघांनी मिळून तेवीस यंत्रं उठवली. काका तेव्हापासून दिवाळीला मेसेज करतात.

टेबलावरचा ‘नेमकं काय करतोस?’ हा प्रश्न यंत्राच्या तोंडी पहिल्यांदा नीट बसवला तोही खेळाच्या वेडापायीच. विल क्राऊदर हा बोस्टनजवळचा प्रोग्रामर, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर काम केलेला. त्याला गुहा धुंडाळायचा छंद. केंटकीतल्या मॅमथ केव्हचं सर्वेक्षण करणाऱ्यांतला तो एक. डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांतलाही. घटस्फोट झाला, गुहेतल्या सफरी थांबल्या, आणि दोन मुली आल्या की त्यांना रमवायला काहीतरी हवं म्हणून त्यानं १९७५-७६च्या सुमारास फोरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. चित्रं नाहीत. यंत्र तुम्ही कुठे आहात ते शब्दांत सांगतं आणि थांबतं. तुम्ही दोन शब्दांत उत्तर द्यायचं, दिवा घे, उत्तरेला जा. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं त्यात भर घातली आणि मग तो खेळ जिथे जिथे संगणक होता तिथे तिथे पसरला. खऱ्या गुहेचा नकाशा, टेबलावरचा डीएम आणि एका बापाची गरज, अशी ती उतरंड. डीएमला ही गोष्ट फार प्रिय आहे. मात्र तो सांगताना शेवटी पुस्ती जोडतो, की त्या यंत्राला न समजणारं काही टाईप केलं तर ते सरळ सांगायचं, मला हे कळलं नाही. आजच्या चॅटबॉटना तेवढंच जमत नाही.

त्याच्या कपाटात पुस्तकं फारशी नाहीत, पण एका वहीत जुन्या खेळांतल्या बिघाडांच्या कथा आहेत. स्पेस इन्व्हेडर्स, १९७८. परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगानं चालून येतात, अंगावर काटा येतो. मुळात तशी योजना नव्हती. चित्रं कमी उरली की प्रोसेसरला काम कमी पडायचं आणि तो भराभर काढायचा; तोमोहिरो निशिकादोनं ते पाहिलं आणि राहू दिलं. पॅकमॅन, १९८०. २५६व्या लेव्हलला अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानं भरतो, कारण लेव्हलचा आकडा आठ बिटांत ठेवलेला आणि आठ बिटांत २५५च्या पुढे मोजता येत नाही.

सर्वांत जास्त पानं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या साथीला. १३ सप्टेंबर २००५. खेळात हक्कार नावाचा नवा राक्षस आला. तो अंगावर ‘करप्टेड ब्लड’ नावाची बाधा टाकायचा, तिनं दर काही सेकंदांनी जीव कमी व्हायचा आणि जवळच्यांनाही लागण व्हायची. बाधा त्या राक्षसाच्या आखाड्यापुरतीच राहील अशी व्यवस्था होती. पण खेळाडूंचे पाळीव प्राणी होते. लढाईत प्राण्याला बाधा झाली, मालकानं त्याला खेळातल्या भाषेत ‘परत पाठवलं’, आणि शहरात जाऊन पुन्हा बोलावलं तर तो प्राणी बाधेसकट हजर. शहरांत दुकानदार होते, यंत्रानं चालवलेले. त्यांना बाधा व्हायची पण ते मरायचे नाहीत, नुसते वाटत सुटायचे. नवखे खेळाडू दोन-चार सेकंदांत गतप्राण. रस्त्यांवर सांगाड्यांचे ढीग. काहींनी मदतीला धाव घेतली, काही गावाबाहेर पळाले, काहींनी मुद्दाम लागण घेऊन गर्दीत शिरण्यात मजा मानली. विलगीकरण सुचवून पाहिलं, कोणी पाळलं नाही. शेवटी सर्व्हर रीसेट करून नियमच बदलावा लागला. २००७मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी यावर ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतात याचा हा आयता नमुना आहे असं त्यांचं म्हणणं, आणि २०२०मध्ये ते साऱ्यांना पुन्हा आठवलं.

चोरटी, म्हणजे टेस्टर, ही कथा ऐकून एवढंच म्हणाली होती, ‘‘पेटची टेस्ट केस लिहिली नव्हती.’’ शंभर पानांच्या अहवालाचं सार चार-पाच शब्दांत. टेस्टर लोकांचं डोकं असंच चालतं, म्हणून खेळाच्या टोळीत एक तरी ठेवावी.

आणि मग गांधींची गोष्ट. सिव्हिलायझेशन हा १९९१चा खेळ, संस्कृती वाढवत न्यायचा. भारताचे नेते गांधीजी. खेळाडूंमध्ये कथा फिरली की, हे गांधीजी खेळाच्या उत्तरार्धात अणुबॉम्ब टाकत सुटतात. कारणही तयार होतं. गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, एक. लोकशाही स्वीकारली की दोन वजा होतात. एकातून दोन गेले की उणे एक, पण आठ बिटांच्या त्या खणात उणे आकडा मावत नाही, म्हणून तो गरकन फिरून २५५ होतो. अहिंसेचा पुतळा जगातला सर्वांत क्रूर नेता! किती सुरेख. संगणकशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण दिलं गेलं, यूट्यूबवर लाखोंनी पाहिलं, आणि आमच्या डीएमनंही पाच वर्षं नव्या पोरांना हेच शिकवलं.

मग २०२०मध्ये सिड मायरचं आत्मचरित्र आलं. खेळ त्यानंच बनवलेला. त्यानं लिहिलं, असा बग नव्हताच. गांधींच्या तोंडी अण्वस्त्रांची धमकी ऐकू यायची ती सगळ्याच नेत्यांच्या तोंडी असायची. पण ती गांधींच्या चित्राखाली वाचली की लक्षात राहायची. खोडसाळपणा पुढे खरोखर झाला, पण २०१०च्या पाचव्या आवृत्तीत, तोही ठरवून.

त्या दिवशी डीएम बराच वेळ गप्प होता म्हणतात. आपण पाच वर्षं फुंकर शिकवत होतो, हे त्याला लागलं. तेव्हापासून त्याचा एक हट्ट झाला आहे. कुठलाही बिघाड झाला की आयटीत आरसीए लिहावं लागतं, रूट कॉज अॅनालिसिस, बिघाडाचं मूळ कारण सांगणारा अहवाल. एखादं कारण फार नेटकं, फार ऐटदार, चहाच्या टपरीवर सांगावंसं वाटणारं असलं की तो ते आधी बाजूला ठेवतो. रचलेल्या गोष्टीची जागा शनिवार रात्र. सोमवारी सकाळी लॉग दाखव. त्याच्या टीममधल्या पोरांना यापेक्षा डेडलाईनची भीती कमी वाटते.

तर बाल्कनी. गिऱ्हाईक म्हणजे युरोपातली दुकानांची एक साखळी. तिकडे संध्याकाळचे पावणेआठ, दुकानं मिटण्याची वेळ, आणि एकाही दुकानाचा दिवसाचा हिशेब बंद होईना. कॉलवर अकरा जण. नेटवर्कवाले म्हणतात नेटवर्क ठीक आहे, डेटाबेसवाले म्हणतात डेटाबेस ठीक आहे. कोणीतरी गुरुवारच्या डिप्लॉयमेंटकडे बोट दाखवतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. ते नेटकं कारण. परत फिरवा गुरुवारचा बदल, असा सूर निघतो.

डीएम विचारतो, ‘‘एरर नेमका काय येतोय? शब्दशः वाचा.’’

वाचतात. डिस्कवर जागा शिल्लक नाही. पण डिस्क तर एकसष्ट टक्के रिकामी! आकडा समोर दिसतोय. मग एरर खोटा, असं एकजण म्हणतो. एरर सहसा खोटं बोलत नाहीत, आपण अर्धं ऐकतो. डीएम जागा दाखवणारी तीच आज्ञा पुन्हा देतो, शेवटी ‘आय’ जोडून. या वेळी उत्तर येतं, शंभर टक्के भरलं.

लिनक्सची डिस्क तयार करताना जागेबरोबर एक नोंदवहीही आखली जाते. प्रत्येक फाईलला त्या वहीत एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. फाईल एका अक्षराची असो वा सिनेमाएवढी, नोंद एकच. नेहमीच्या पद्धतीनं आखलेल्या डिस्कवर दर १६ किलोबाईटला एक नोंद धरतात. म्हणजे शंभर गिगाबाईटच्या डिस्कला ६५ लाख ५३ हजार ६०० नोंदी. वही आखली की मागाहून नुसती पानं वाढवता येत नाहीत. चिमुकल्या फायली बेसुमार झाल्या तर वखारीत पोती ठेवायला जागा असते, पण वहीत लिहायला ओळ नसते, आणि मुनीम पोतं आत घेत नाही.

कुठे आहेत एवढ्या फायली? एका फोल्डरची यादी मागितली तर पडदा थिजला. यादी देण्याआधी यंत्र नावं वर्णक्रमानं लावतं, आणि लाखो नावं लावता लावता त्याचा घाम निघतो. न लावता दे, असं सांगितल्यावर धबधबा सुरू झाला. सेशनच्या फायली. एकाच नमुन्याच्या, एकाच पत्त्यावरून आलेल्या, दर दहा सेकंदांनी एक. तो पत्ता त्यांच्याच निगराणी यंत्रणेचा होता. सर्व्हर जिवंत आहे ना, हे दर दहा सेकंदांनी विचारायला कोणीतरी तिला लावून दिलं होतं. प्रत्येक विचारणेला सर्व्हर नवा पाहुणा समजून नवी फाईल उघडत होता, आणि पाहुणा गेल्यावर ती फाडायचं काम कोणाकडेच दिलेलं नव्हतं. दिवसाला ८६४०. भागाकार केला तर साधारण दोन वर्षं निघाली. दोन वर्षं रोज नाडी बघून बघून रोगी मारला.

सरसकट पुसून टाकायची आज्ञा दिली तर तीही नाकारली गेली, नावांची यादी फार लांब आहे म्हणून. मग शोध आणि सापडेल तशी एकेक पूस, असं सांगावं लागलं. एकाच ओळीची ती आज्ञा लिहून झाल्यावर त्यानं एंटरवरचं बोट उचललं, फोल्डरचं नाव मोठ्यानं दोनदा वाचलं, कॉलवरच्या दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि मगच दाबलं. पुसण्याच्या आज्ञेला ‘अनडू’ नसतो. नव्व्याण्णव टक्के. अठ्ठ्याण्णव. तिकडून एकेका दुकानाचा गल्ला मिटत असल्याचे निरोप यायला लागले. ब्याण्णव होईपर्यंत कॉलवरचे सात जण ‘ग्रेट जॉब’ म्हणून निघूनही गेले होते.

एक वाजून वीस मिनिटांनी तो आत आला. मांत्रिक (एरवी सीए) सोफ्यावर घोरत होता. पडदा जागचा हललेला नव्हता, मात्र बाकरवडी संपली होती. चोरटी जमिनीवर पालथी, मोबाईलचा टॉर्च दिवाणाखाली.

‘‘वीस पडलेत! बघ, हात नाही लावलेला.’’

खरंच वीस होते. भिंतीला टेकून, धुळीत, वर वीसचा आकडा. वीसमधून एकदा पडणारं दान. पण ताटलीबाहेरचा फासा धरायचा नाही हा घरचा नियम, आणि नियम घालणारी आतल्या खोलीत झोपलेली. मांत्रिक जागा होऊन नियमाच्या बाजूनं बोलला, सीए शेवटी. दहा मिनिटं रीतसर वाद झाला. डीएमनं निवाडा दिला तो असा, पडलेलं दान बाद, पण तिनं नेमकं काय करते ते सांगितलं होतं आणि दोन तास थांबलीही, म्हणून दोन फासे टाक, मोठा तो धर. अकरा किंवा जास्त हवेत. एका फाशानं निम्मी शक्यता असते, दोहोंनी पंचाहत्तर टक्के.

चार आणि सात.

‘‘दगड सुटा निघतो,’’ डीएम म्हणाला, ‘‘पण तो विहिरीचा नाही. तो संकासुराचा दात आहे.’’ मांत्रिकाची झोप उडाली. खेळ पावणेतीनपर्यंत चालला.

सोमवारी अकराला आरसीएची मीटिंग. त्यानं सगळा प्रकार लिहून आणला होता, दोन वर्षांपूर्वीची सेटिंग, साफसफाईची राहिलेली जबाबदारी, जागेबरोबर नोंदीही मोजण्याची सूचना. मॅनेजर म्हणाले, छान आहे, पण टूलमध्ये भर. टूलमध्ये ‘रूट कॉज’च्या रकान्यात २५५ अक्षरं मावतात. त्यानं आधी सूचना काढली, मग तारीख काढली, मग ‘साफसफाईची जबाबदारी कोणाकडेच नव्हती’ हे वाक्य तीनदा छोटं करून पाहिलं. तरी चौदा अक्षरं जास्तच होत होती. खाली पर्यायांची यादी होती, मानवी चूक, नेटवर्क, हार्डवेअर, बाहेरचा पुरवठादार, इतर. मॅनेजरांचा माऊस मानवी चुकीवर जाऊन थांबला होता.

‘‘कोणाची?’’ त्यानं विचारलं. ‘‘नेमकी कोणाची आणि कुठली?’’

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं आणि ‘इतर’ निवडलं.